अर्धी ओळ

मित्रांनो, बोटं मागे घेऊ नका. मी सुई आहे हे खरं, पण टोचणारी नाही, आणि दवाखान्यातली तर मुळीच नाही. मी विणायची सुई. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला डोक्यावर गोल टोपी, आणि मध्ये लांबच लांब राखाडी अंग. आता म्हातारी झाले आहे, जराशी वाकले आहे, रंगही उडाला आहे. टोपीवरचा आठ हा आकडा मात्र अजून वाचता येतो. लोक त्याला माझा नंबर म्हणतात. मी त्याला माझं आडनाव मानते, कारण माझ्या जुळ्या बहिणीच्या टोपीवरही तेच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब तारेचे तुकडे पाडले, त्यातल्या शेजारशेजारच्या दोन तुकड्यांच्या आम्ही दोघी झालो. मग आमची टोकं घासली. हे काम वाटतं तितकं सोपं नाही बरं. टोक असं हवं की ते टाक्यात शिरावं पण बोटात शिरू नये. शेवटी आमच्या कमरेला कागदाचा एकच पट्टा बांधून आम्हाला दुकानात पाठवलं. तिथे आम्ही बटणांच्या डब्याशेजारी पडून होतो. येणारी-जाणारी माणसं बटणं बघायची आणि निघून जायची. मग एके दिवशी आत्या आली. तिने किंमत विचारायच्या आधी पट्टा सोडला आणि आमची टोकं स्वतःच्या गालावरून फिरवली. कुठे खरखर लागते का, ते बघत होती. तेव्हाच मी बहिणीला म्हटलं, ही बाई आपल्याला नीट वागवणार.

आत्या म्हणजे कुणाची आत्या, असं तुम्ही विचाराल. ती भिंगरीची आत्या. भिंगरी म्हणजे एक शाळकरी मुलगी, जी एका जागी बसली की घरातल्यांना तिच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावासा वाटतो. घरात तिसरे तिचे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. ते टपाल कचेरीत पत्रं लावतात. दिवसभर प्रत्येक पत्र ज्याच्या त्याच्या खणात टाकून त्यांच्या हाताला अशी सवय लागली आहे की घरी आल्यावरही एखादी वस्तू भलत्या जागी दिसली तर त्यांना चैन पडत नाही. भिंगरीची आई परगावी नोकरीला, ती सुट्टीला येते. आत्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळी तिथे मोठाल्या पातेल्यांत रांधते, दुपारी घरी येऊन लहान पातेल्यात रांधते, आणि मग खिडकीशी खुर्ची ओढून विणायला बसते.

कामं मात्र आम्ही लोकरीचीच केली असं नाही. केक आतून झाला का, हे बघायला आत्या मला त्याच्या पोटात खुपसायची. बटाट्याचंही तेच. गच्चीवर तिची बाग आहे, तिथे कुंडीत बी पेरायचं झालं की मातीत भोकं माझ्याच टोकाने पडायची. दर वेळी मीच. बहीण जरा नाजूक असल्याचं नाटक करते. मग कोमट पाण्याने मला धुतलं, पुसलं, की मी पुन्हा लोकरीत.

आम्ही दोघींनी मिळून किती स्वेटर, किती टोपरी, किती मोजे विणले! लोक स्वेटरचं कौतुक करायचे, आत्याचं करायचे, लोकर जिथून आणली त्या दुकानाचंसुद्धा करायचे. "सुया किती छान आहेत हो," असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. मी अजून वाट बघते आहे. पुढे दुकानात मशीनवरचे स्वेटर आले, आत्याचं कामही वाढलं, आणि आम्ही टोपलीच्या तळाशी गेलो. तिथे लोकर खाणारी कसर होती, एक हरवलेलं बटण होतं, आणि अंधार. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. भिंगरीला थंडीसाठी स्वेटर हवा म्हणून आत्याने आम्हाला पुन्हा बाहेर काढलं, मोहरीच्या रंगाची लोकर आणली, आणि इथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

त्याआधी आत्याचा एक नियम सांगायला हवा. ती ओळ अर्धी सोडून उठत नाही.

आता हे नीट समजून घ्या. ओळ संपली की सगळे टाके एका सुईवर असतात आणि दुसरी सुई मोकळी. विणकाम तसं ठेवून खुशाल जा. पण ओळीच्या मध्येच उठलात, तर अर्धे टाके एकीवर, अर्धे दुसरीवर. विणून झालेले एकीकडे, विणायचे राहिलेले दुसरीकडे. जरा धक्का लागला की टाके टोकावरून घसरतात. आणि परत आल्यावर तुम्ही चुकून उलट्या बाजूने हातात घेतलंत, तर पुढे जायच्या ऐवजी मागेच विणत सुटता आणि कापडात भोक पडतं.

म्हणून आत्याचं एकच वाक्य. ओळ संपू दे. दाराची घंटा वाजली, ओळ संपू दे. फोन वाजला, ओळ संपू दे. एकदा दूध उतू जाऊन शेगडीवरून ओघळलं, सगळ्या घरात करपल्याचा वास सुटला, आणि ओळ संपल्यावरच ती उठली. एकदा बाबा किल्ली विसरून पावसात दाराबाहेर उभे होते. आतून आत्या ओरडून सांगत होती, आलेच, थोडेच टाके राहिलेत. बाबा आत आले तेव्हा त्यांच्या बुटांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते काढून एका रेषेत लावून ठेवले.

भिंगरीलाही विणायला शिकायचं होतं. तिने जाड लाकडी सुयांवर एक निळा मफलर घेतला होता. चांगला चार हात लांब झाला होता. मग ओळीच्या मध्येच तिच्या मैत्रिणीचा फोन आला, आणि भिंगरीच ती, उडी मारून गेली. परत आल्यावर उलट्या बाजूने धरून विणू लागली. खूप पुढे गेल्यावर आत्याच्या लक्षात आलं. आत्याने भोकातून बोट बाहेर काढून हलवून दाखवलं आणि विचारलं, ही खिडकी कशासाठी ठेवलीस?

बाबा हसले, हे वाईट झालं. भिंगरीचे कान लाल झाले. आत्या म्हणाली, इथपर्यंत उसव. भिंगरी म्हणाली, एका अर्ध्या ओळीसाठी एवढं सगळं उसवू? कुणाला दिसणार आहे?

"मला दिसतंय," आत्या म्हणाली.

तिने भिंगरीला जवळ बसवून समजावलं की मध्येच सोडलेली ओळ पुन्हा हातात घेताना धागा बघायचा. ज्या सुईवरून धागा लोंबतो, ती सुई उजव्या हातात. पण भिंगरीचं ऐकण्यात लक्ष कुठलं. तिने सुया उपसून काढल्या, मफलर टेबलावर टाकला, आणि जाहीर केलं की ती पुन्हा विणकामाला हात लावणार नाही, त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही, आणि तो पिवळा स्वेटरही तिला नको. पिवळा! मोहरीचा रंग होता तो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याशी एक शब्द न बोलता शाळेत गेली.

आता तो दिवस.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. आमच्या घराचं स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्याच्या डोक्यावर गच्ची. गच्चीवरचा भोपळ्याचा वेल कठड्यावरून बाहेर उतरला होता आणि त्याला लागलेला एक थोरला भोपळा बरोबर आमच्या खिडकीसमोर, खालच्या गल्लीवर लोंबत होता. तो स्वतःच्या वजनाने तुटू नये म्हणून आत्याने त्याला दोरीच्या जाळीत घालून कठड्याच्या गजाला बांधलं होतं. सकाळी कामावर जायच्या आधी ती पिशवीत दोरा, कात्री आणि काय काय घेऊन वर गेली. थोड्या वेळाने खिडकीतून मला दिसलं, भोपळ्याच्या पोटाखाली आता एक निळी झोळी होती. भिंगरीचा मफलर! आत्याने त्याचे टाके बंद केले होते आणि तो जाळीखालून घेऊन वर गजाला गाठ मारली होती. पिशवी वरच विसरून ती खाली आली आणि खिडकीतून त्याच्याकडे बघत स्वतःशीच म्हणाली, भोपळ्याला खिडकीतून हवाही मिळेल.

दुपारी ती कामावरून परतली. सूप केलं, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि आम्हाला घेऊन बसली. बाहेर वारा वाढत होता. भोपळा आता हेलकावे खात होता. आत्या विणता विणता मान वर करून बघायची, पुन्हा विणायची. ओळीचा पहिला भाग झाला. माझ्यावरचे टाके एकेक करून बहिणीवर जात होते. तेवढ्यात गल्लीच्या टोकाशी शाळा सुटल्याची घंटा झाली. त्याच क्षणी जाळीची दोरी तुटली. आता भोपळा फक्त मफलरवर होता, आणि वर गजाची गाठ हळूहळू सरकत होती. तो हळूच खाली आला, थांबला, पुन्हा खाली आला.

आत्या उठली.

मित्रांनो, मी शहारले. अर्धे टाके माझ्यावर, अर्धे बहिणीवर, आणि आत्या उठली. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. तिने आम्हाला खुर्चीवर टाकलं आणि धावली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज झाला, गच्चीचं लोखंडी दार करकरलं. मग वरून तिचा आवाज आला, थांब रे लबाडा, थांब. भोपळा एक झटका खाऊन वर गेला, आणखी एक झटका, आणि खिडकीच्या वरच्या कडेपलीकडे दिसेनासा झाला. खालून मुलं हसतखिदळत गेली. त्यांना काही कळलंही नाही.

मग छतावर काहीतरी जड आदळलं. चुन्याचा बारीक भुगा माझ्या अंगावर पडला.

मी वाट बघितली. पावलांचा आवाज येईल, दार करकरेल, ती खाली येईल आणि म्हणेल, कुठे होते मी. काही आलं नाही. फक्त गच्चीचं दार वाऱ्याने आपटत होतं. धाड. पुन्हा धाड. मग शेजारच्या काकूंचं दार उघडलं. काकूंच्या सपाता सटक-सटक करत जिना चढल्या. मला वाटलं, सुटलो. काकू पुटपुटल्या, काय हा आवाज, डोकं उठलं. आणि कडी लागली. सपाता खाली आल्या. काकूंचं दार बंद झालं.

कडीचा आवाज रोजचाच असतो. त्या दिवशी तो ऐकून माझं अंग गार पडलं. तशी मी धातूची, गारच असते, पण हा गारठा वेगळा होता.

आता हे सगळं फक्त मला आणि माझ्या बहिणीला ठाऊक होतं, आणि आम्हाला तोंड नाही. आमच्याकडे एकच गोष्ट होती. ती अर्धी ओळ. ती जशीच्या तशी राहिली तर कुणीतरी ती पत्रासारखी वाचेल. खिडकीतून वारा येत होता, विणकाम खुर्चीच्या कडेकडे सरकत होतं, आणि माझ्या टोकाशी असलेला टाका एकेक धाग्याने पुढे येत होता. मी त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण मी गुळगुळीत. तेच तर माझं कौतुक असायला हवं होतं, आणि आज तेच नडत होतं.

भिंगरी आली. दप्तर फेकलं, बूट फेकले. आत्याशी कसं बोलायचं नाही, याची तिने शाळेत बसून चांगली तयारी केली होती. घरात बघते तर जिच्याशी बोलायचं नाही, तीच नाही. ती खट्टू झाली. तिने एकदा हाक मारली, तीही अशी, जणू काही हाक मारायची नव्हतीच. मग तिची नजर खुर्चीवर गेली. मी मनात म्हटलं, बघ. बघ ना गं. तिने विणकाम दिसताच मान फिरवली. आमच्याकडे पाठ करून बसली आणि पावाला लोणी लावून खाऊ लागली. घरात विणकाम वाचता येणारी आता ती एकटी, आणि तिने न बघण्याची शपथ घेतलेली.

बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला. उजेड कमी होऊ लागला.

बाबा आले. त्यांनी विचारलं, ताई कुठाय? भिंगरीने खांदे उडवले. बाबांनी खुंटीकडे पाहिलं. पिशवी नव्हती. म्हणजे बाजारात गेली असेल, असं त्यांनी ठरवलं. तरी त्यांनी काकूंचं दार वाजवलं. काकू म्हणाल्या, पाहिलं की, पिशवी घेऊन जिन्यात दिसली होती. हे खरंच होतं. पण ते सकाळी, आणि जिना उतरताना नव्हे, चढताना. बाबांनी वेळ विचारली नाही, काकूंनी सांगितली नाही. बाबा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. जिन्यात वर मान करून गच्चीचं दार बघितलं. कडी लावलेली. म्हणजे वर नाही.

घरात येऊन ते आवराआवर करू लागले. बाबांना काळजी वाटली की ती तोंडातून बाहेर पडत नाही, हातांतून पडते. त्यांनी भिंगरीचे बूट लावले. कप पालथे घातले. लोण्याच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. दप्तर खिळ्याला अडकवलं. मग ते आमच्याकडे वळले, आणि मला वाटलं, संपलं सगळं.

त्यांनी आम्हाला उचललं. दोन्ही सुयांवर विभागलेलं विणकाम बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. टपाल कचेरीत एकाच पत्त्याची पत्रं दोन खणांत गेली तर त्यांना जसं होतं, तसंच झालं असणार. सगळं एका जागी असावं म्हणून ते माझ्यावरचे टाके बहिणीवर सरकवू लागले. एक गेला. दुसरा गेला. मी मुकी होत चालले होते. तिसरा त्यांच्या जाड बोटांतून निसटला आणि शिडीवरून उतरावं तसा खाली खाली ओळी सोडत गेला. बाबा घाबरले.

"भिंगरे, इकडे ये. काहीतरी सुटलं."

"मी विणकामाला हात लावत नाही."

"हात नको लावूस. नुसतं बघ. ताई माझी चामडी सोलेल."

ती आली, तोंड वाकडं करूनच आली. बघितलं. आणि ते वाकडं तोंड तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

"हे असंच होतं? दोन्ही सुयांवर?"

"हो. म्हणून तर एकीवर घेत होतो."

"बाबा, ओळ अर्धी आहे."

"मग?"

"आत्या अर्धी ओळ सोडून बाजारात गेली?" भिंगरी हळू बोलत होती. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही पावसात भिजत होतात, तेव्हा ती उठली नव्हती."

बाबांनी हातातला लोकरीचा गुंडा खाली ठेवला. "नव्हती उठली," ते म्हणाले.

भिंगरी आत्याच्या खुर्चीत बसली. आत्या धरते तसं तिने आम्हाला धरलं आणि आत्या बघते तिकडे बघितलं. समोर खिडकी. खिडकीत फक्त पाऊस.

भोपळा कुठाय, तिने विचारलं. बाबा म्हणाले, कापला असेल, सूप केलंय की. तिने झाकण उचलून वास घेतला. बटाट्याचं होतं. मग ती खिडकीतून इतकी वाकली की बाबांनी तिचा फ्रॉक मागून धरला. खाली गल्ली स्वच्छ होती. भोपळा पडला असता तर दगडांवर केशरी चिखल दिसला असता. खाली नाही, समोर नाही. तिने मान वर केली. कठड्याच्या गजाला तुटक्या दोरीचं टोक फडफडत होतं.

"वर आहे ती."

"अगं, दाराला कडी आहे. मी बघून आलो."

"कडी कुणी लावली पण?"

ती पळाली. हातात आम्ही तशाच. लोकरीचा गुंडा मागे घरंगळत राहिला, स्वयंपाकघरातून दारात, दारातून जिन्यात, मोहरीच्या रंगाची एक लांब रेघ पायऱ्यांवर उमटत गेली. पळापळीच्या आवाजाने काकूंनी दार उघडलं. काय झालं, कडी ना, मीच लावली, केव्हाचं आपटत होतं ते दार, आणि… काकूंचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

कडी ओली आणि घट्ट होती. बाबांनी हाताच्या मुठीने ठोकून ती काढली.

आत्या पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. भोपळा वर ओढताना शेवाळलेल्या फरशीवरून तिचा पाय सरकला होता, पडता पडता तिने वांग्यांच्या लांब कुंडीला धरलं, आणि ती सिमेंटची कुंडी मातीसकट तिच्या पायावर आली होती. हाक मारून मारून तिचा आवाज बसला होता. तो वाऱ्याच्या वर गेलाच नव्हता. ओठ निळे, केस कपाळाला चिकटलेले. भोपळा मात्र तिच्या कुशीत धडधाकट. आणि तिच्या गळ्यात, कानांवरून घेऊन नीट गुंडाळलेला, तो निळा मफलर.

बाबांनी "ताई" म्हटलं. त्यांनी कुंडी उचलली. एकट्याने कशी उचलली, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

आत्याने डोळे उघडले. तिने भावाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, मग भाचीच्या हाताकडे.

"सुया नीट धर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "टाके पडतायत."

भिंगरी रडायला लागली. रडता रडता तिने आत्याच्या गळ्यातला मफलर आणखी वर ओढला. आत्या म्हणाली, खिडकीतून वारा शिरतोय गं. तेव्हा भिंगरी रडत आणि हसत अशी दोन्ही करू लागली, आणि काकू पांघरुणं आणायला धावल्या त्या एका पायात सपाता आणि एका पायात काहीच नाही अशा.

दवाखान्याची गाडी आली. पायाचं हाड मोडलं होतं, मनगट मुरगळलं होतं, आणि अंग इतकं गार पडलं होतं की रात्रभर ती तशीच राहिली असती तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीण बाबांना म्हणाली. बाबा ते ऐकून बाहेर आले आणि तिथली बाकं सरळ करू लागले.

घरी परतल्यावर भिंगरीने काय केलं असेल? तिने आपलं खोडरबर कापून दोन तुकडे केले आणि एक माझ्या टोकाला, एक बहिणीच्या टोकाला टोचून बसवला, म्हणजे टाके पडायला नकोत. मग आम्हाला खुर्चीवर ठेवलं. आत्या घरी येईपर्यंत त्या खुर्चीला कुणी हात लावला नाही. बाबा येता-जाता बघायचे, त्यांची बोटं वळवळायची, पण त्यांनी काही आवरलं नाही.

आत्या घरी आली ती पायाला प्लास्टर आणि मनगटाला पट्टी घेऊन. तिला विणता येणार नव्हतं. तिने खुर्चीकडे मान केली. भिंगरी समजली.

तिने खोडरबर काढलं. घसरलेला टाका टोकाला वाकलेल्या आकडीने एकेक ओळ वर चढवत आणला. बाबांनी सरकवलेले दोन टाके परत माझ्यावर घेतले. इथवर ठीक होतं. मग ती थांबली. कोणती सुई कोणत्या हातात? आत्या छताकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. भिंगरीने आम्हाला उजेडात धरलं आणि धागा बघितला. तो बहिणीवरून लोंबत होता. तिने बहीण उजव्या हातात घेतली, मी डाव्या, आणि पहिला टाका घातला.

ओळ पूर्ण झाली. भोक पडलं नाही. पण आत्याचा हात घट्ट आणि भिंगरीचा सैल. ओळीच्या मधोमध, जिथे आत्या उठली होती, तिथे टाके एकदम सुटसुटीत झालेले दिसत होते. भिंगरीचा चेहरा पडला.

"दिसतंय गं," ती म्हणाली. "उसवू?"

आत्याने चांगल्या हाताचा अंगठा त्या जागेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. दुकानात आमची टोकं गालावरून फिरवली होती, तेव्हा जितकं लक्ष होतं तितकंच.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढची ओळ घे."

इतक्या वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. त्या संध्याकाळी भोपळ्याचं सूप झालं. काकूंना सगळ्यात मोठा वाडगा मिळाला, आणि त्यांना शरमेने घास उतरेना. आत्या त्यांना म्हणाली, खा हो, दार उघडंच ठेवलंय.

मित्रांनो, त्या पळापळीत मी कठड्याला आपटले आणि वाकले. तो स्वेटर कसाबसा तडीस नेला, पण आता माझ्यावर नीट विणता येत नाही. मी केकच्या पोटात जाते, मातीत भोकं पाडते, आणि उरलेला वेळ खिडकीतल्या पेल्यात उभी राहून गल्ली बघते. तो स्वेटर भिंगरी घालते. मोहरीच्या रंगाचा, छातीवर एका ओळीत अर्धा घट्ट आणि अर्धा सैल. परवा तिच्या मैत्रिणीने तिथे बोट ठेवून विचारलं, इथे चुकलंय का काही?

"नाही," भिंगरी म्हणाली. "इथे आत्या उठली होती."

म्हातारीचं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल जे रोज एखादं काम एका ठरावीक पद्धतीने करतं. तुम्ही त्याला हसत असाल, हसा. पण एखाद्या दिवशी ते काम मध्येच टाकलेलं दिसलं, भाजी अर्धी चिरलेली, झारी अर्धी भरलेली, ओळ अर्धी विणलेली, तर आवरायला घेण्याआधी एक हाक मारा. उत्तर आलं तर खुशाल आवरा. नाही आलं, तर जिना चढा.